तपासतोस एक, आणतोस दुसरंच

कऱ्हाड, रविवार

प्रिय चिकू,


तुझ्या ताईनं परवा फोनवर हसत हसत सांगितलं, की तुझ्या ओपन सोर्स लायब्ररीत कुणीतरी चूक दाखवली आणि तू ‘हा बग नाही, आधी इंग्रजी नीट लिहायला शिक’ असं उत्तर देऊन इश्यू बंद केलास. तिला गंमत वाटली, मला हसू आलं नाही. तुमचं सगळं उघड्यावरच असतं, म्हणून स्वतः जाऊन वाचलं. तुझं निम्म्याहून अधिक उत्तर त्या मुलाच्या व्याकरणावर आहे. कोडबद्दल एकच वाक्य आहे, ‘होस्ट तपासल्याशिवाय काहीही आणत नाही.’

चिकू, तो मुलगा बरोबर आहे.

होस्ट तू तपासतोस, हे खरंच. पण तपासतोस एका पार्सरनं आणि आणतोस दुसऱ्यानं. त्यानं दिलेला नमुना तू शेवटपर्यंत वाचलाच नाहीस, अशी मला दाट शंका आहे. मी तो कागदावर उतरवून घेतला. नावं बदलून इथं लिहिते:

एचटीटीपी://भला.उदा\@बुरा.उदा/

तुझा तपासणारा पार्सर ब्राउझरांच्या वळणाचा, म्हणजे व्हॉटडब्ल्यूजीच्या यूआरएल स्टँडर्डप्रमाणे चालणारा. तो बॅकस्लॅशला साधा स्लॅशच समजतो. त्याच्या लेखी होस्ट तिथं संपला, ‘भला.उदा’. पुढचं सगळं पाथ. तुझ्या यादीत भला आहे, म्हणून दार उघडलं. आणणारी लायब्ररी मात्र आरएफसी ३९८६ च्या वळणाची. तिच्या हिशेबानं होस्टचा भाग /, ? किंवा # आल्याशिवाय संपत नाही. त्या आरएफसीत बॅकस्लॅशला जागाच नाही, पण ही लायब्ररी त्याला हाकलत नाही, गिळून टाकते. मग @ च्या अलीकडचं सगळं तिला वापरकर्त्याचं नाव वाटतं आणि ती जाते थेट ‘बुरा.उदा’कडे. गेटवरच्या वॉचमननं वहीत एक नाव वाचून आत सोडावं आणि लिफ्टवाल्यानं तीच ओळ वेगळी वाचून पाहुण्याला भलत्याच मजल्यावर नेऊन सोडावं, तशातली गत. दोघांनाही बोल लावता येत नाही. बोल लागतो दोघांना नेमणाऱ्याला.

तुझी लायब्ररी करते काय, तर कुणी गप्पांत लिंक टाकली की तिचं शीर्षक आणि चित्र आणून दाखवते. म्हणजे अनोळखी माणसानं दिलेला पत्ता घेऊन लोकांच्या सर्व्हरच्या आतून बाहेर जाते. आतून! त्याच सर्व्हरवरून १६९.२५४.१६९.२५४ ला विचारलं, तर क्लाउडवरच्या कित्येक मशिनी आपल्या तात्पुरत्या किल्ल्या काढून देतात, हे मी तुला सांगायचं का? तुझं कोड कुणाकुणाच्या घरात बसलंय हे तुलाही ठाऊक नाही. रात्री मला याचीच धास्ती वाटते.

‘आत्या, असं प्रत्यक्षात कोण करतं?’ असं म्हणू नकोस. २०१७ साली ब्लॅक हॅटमध्ये तैवानच्या ऑरेंज त्सायनं पूर्ण भाषणच यावर दिलं होतं. एकच यूआरएल पायथन, पीएचपी, रूबी, जावा, नोडमधल्या निरनिराळ्या लायब्रऱ्या कशा निरनिराळ्या वाचतात आणि त्या फटीतून आत कसं शिरता येतं, ते त्यानं करून दाखवलं. लॉगफोरजेतल्या भोकाचं तर तुझ्या डोळ्यांदेखत झालं. डिसेंबर २०२१ मध्ये पहिली दुरुस्ती आली २.१५.० मध्ये, की एलडॅपला फक्त स्वतःच्याच मशिनीकडे जाऊ द्यायचं. लगेच कुणीतरी होस्टच्या जागी १२७.०.०.१#बुरा.उदा लिहून पाहिलं. तपासणाऱ्या कोडला # च्या पुढचं फ्रॅगमेंट वाटलं, होस्ट १२७.०.०.१, म्हणजे घरचाच. पत्ता शोधणाऱ्या कोडनं मात्र अख्खी ओळ होस्ट म्हणून घेतली, आणि काही सिस्टिम्सवर ती बाहेर जाऊन पोचलीसुद्धा. २.१६.० काढावी लागली. तपासलं एकानं, आणलं दुसऱ्यानं. तुझ्या कोडात हेच आहे, अक्षरशः हेच.

आणि कर्लसारखी जुनी, जपलेली गोष्टही यातून सुटली नाही. २०१६ मध्ये कर्लमध्ये अशीच # आणि @ ची चूक निघाली. ब्राउझर जिथं # पाशी थांबे, तिथं कर्ल पुढे @ पर्यंत जाऊन तिथला होस्ट घेई. डॅनियल स्टेनबर्ग १९९८ पासून कर्ल सांभाळताहेत. चूक त्यांनी जगापुढे लिहिली, दुरुस्त केली, आणि २०१८ साली ७.६२.० मध्ये यूआरएल पार्सिंगची वेगळी एपीआय बाहेर काढून दिली. का, तर कर्ल जसं वाचतं तसंच, त्याच पार्सरनं, इतरांनाही वाचता यावं. तू ती वापरत नाहीस. तुझ्याकडे कुठूनतरी उचललेलं एक रेजेक्सही आहे, ‘झटपट तपासणी’ म्हणून. म्हणजे दोन नाहीत, तीन वाचणारे झाले!

बरं, इथवर मी समजून घेतलं असतं. पण इश्यू बंद केल्यावर रात्री दीड वाजता तू गुपचूप एक कमिट टाकलंस, बॅकस्लॅश आणि ‘../’ दिसले की उडवून टाकायचे. संदेश काय, तर ‘किरकोळ साफसफाई’. त्या मुलाचं नाव नाही. हे मला फार लागलं. आपल्या घरात कुणी असं वागलेलं मला आठवत नाही. आजोबा शेजाऱ्याकडून आणलेला विळासुद्धा परत देताना धार लावून देत.

शिवाय ती दुरुस्ती नाहीच. मधलं अक्षर उडवलं की उरलेल्या अक्षरांतून नवीन काहीतरी जुळतं. ‘....//’ मधून ‘../’ उडवून बघ काय उरतं ते. अपाचे वेब सर्व्हरवाल्यांचं २०२१ मध्ये काय झालं, ते वाच. २.४.४९ मध्ये पाथ साफ करायचं कोड बदललं आणि त्यातून .%२ई निसटलं. %२ई म्हणजे टिंबच, पण तपासणीला ते टिंब दिसलं नाही. ४ ऑक्टोबरला घाईनं २.४.५० आली. मग लोकांनी लिहिलं %%३२%६५. एकदा उलगडलं की %३२ चा होतो २, %६५ चा होतो ई, आणि हातात येतं %२ई. पुन्हा उलगडलं की टिंब. ७ ऑक्टोबरला २.४.५१. इतकी अनुभवी माणसं, तीन दिवसांत दोनदा. आरएफसी ३९८६ मध्ये २००५ पासून लिहून ठेवलंय, की आधी तुकडे पाडा, मग उलगडा, आणि तीच ओळ दोनदा उलगडू नका. साठेक पानांचा तर कागद आहे तो, त्यात बर्नर्स-लींचं नाव आहे, एका रविवारात वाचून होतो. साच्याबाहेरचे आयपी पत्ते कसे फसवतात, तेही त्यात आहे. ०१७७.०.०.१ हा कुणाला १७७ वाटतो, तर कुणी पुढचं शून्य बघून अष्टमान समजून १२७ वाचतो.

इतकं कडक लिहायचं मनात नव्हतं. पण तो मुलगा डोळ्यांपुढून हलत नाही, आणि त्याला कारण आहे.

तुला ठाऊक आहे, मी पुण्यात सीजीआयची कामं करायचे तेव्हाची गोष्ट. फॉर्ममध्ये ‘शहा & सन्स’ असं नाव भरलं की साठवताना फक्त ‘शहा’ उरायचं. ब्राउझर & चं %२६ करून नीट पाठवायचा. पण आम्ही वापरत होतो तो फुकट मिळालेला प्रोग्राम आधी सगळी ओळ उलगडायचा आणि मग & वर तुकडे पाडायचा. मूळ कुठंय ते मी शोधून काढलं होतं. दोन ओळींची अदलाबदल होती. तो प्रोग्राम करणाऱ्याला पत्र लिहिलं, शब्दकोश घेऊन, चारदा खोडून. आणि ते ड्राफ्टमध्येच राहिलं. वाटलं, माझं इंग्रजी वाचून हसतील. ऑफिसमध्ये विचारलं, तर साहेब म्हणाले, ‘शहांना सांगा, अँड लिहा.’ शहांनी अँड लिहिलं. मी असे प्रोग्राम लिहिणाऱ्या लोकांच्या मेलिंग लिस्ट वर्षानुवर्षं वाचल्या, रात्र रात्र वाचल्या, आणि एक ओळ कधी पाठवली नाही. लग्न, तुझ्या ताईचा जन्म, बदली, ही कारणं नंतरची. आधीचं कारण एकच, तुझ्यासारखं उत्तर कुणी देईल ही भीती. त्या मुलानं ती भीती गिळून लिहिलंय, बघ. माझ्याच्यानं नाही झालं ते.

असो. शहा गेले, प्रोग्रामही गेला.

एकच पत्ता वेगवेगळा वाचला जाण्याचं हे दुखणं इंग्रजीवाल्यांचंच नाही, आपल्यालाही आहे. मी हल्ली गावातल्या जुन्या छायाचित्रांची एक साइट सांभाळते, हे तुला ताईनं सांगितलं असेलच. कऱ्हाडच्या पानाची लिंक कुणाला उघडे, कुणाला ४०४. बघायला एकच नाव. पण कुणाच्या कीबोर्डनं ऱ हे एक अक्षर म्हणून टाकलेलं, त्याचं होतं %ई०%ए४%बी१. कुणाचं र आणि खाली नुक्ता, %ई०%ए४%बी०%ई०%ए४%बीसी. आणि कुणी जुन्या सवयीनं र, हलन्त आणि न दिसणारा जोडक घातलेला. दिसायला कऱ्हाड ते कऱ्हाड, सर्व्हरला तीन गावं! पहिली दोन युनिकोडच्या एनएफसीनं एक होतात, तिसरं होत नाही. मी काय केलं, तर पत्ता आत येतो तिथंच एकदा, एकाच जागी, एका रूपात आणला आणि पुढे सगळीकडे तेच रूप वापरलं. जोडकासाठी वेगळा नियम लिहावा लागला, आणि तो फार देखणा नाही.

तूही तेवढंच कर. आलेली ओळ एकदाच, एकाच पार्सरनं वाच. वाचून जे सुटे भाग मिळतात ते जपून ठेव, आणि आणणाऱ्याला तेच भाग दे, मूळ ओळ पुन्हा देऊ नकोस. बॅकस्लॅश, मधली कोरी जागा, @ च्या आधीचं नाव, यातलं काही दिसलं तर दुरुस्त करायच्या भानगडीत पडू नकोस, सरळ नकार दे. पायथनच्या यूआरएललिबचं २०२३ मध्ये एवढ्यावरूनच नाव निघालं, की पत्त्याच्या आधी एक कोरी जागा सोडली की लोकांच्या बंदीच्या याद्या पार व्हायच्या. नाव आयपीत उतरल्यावर तो आयपी बघ, आणि रीडायरेक्ट आला की पुन्हा पहिल्यापासून. ब्राउझरवाल्यांनी चाचण्यांसाठी विचित्र यूआरएलांची एक मोठी फाईल उघडी ठेवली आहे, ती तुझ्या तपासणाऱ्यावर आणि आणणाऱ्यावर शेजारी शेजारी चालवून बघ. जिथं दोघांची उत्तरं वेगळी, तिथं तुझं भोक. पण हे सगळं नंतर. आधी तो इश्यू उघड, त्या मुलाला चार ओळी लिही, कमिटमध्ये त्याचं नाव घाल आणि नवीन आवृत्ती काढून लोकांना कशासाठी ते मोकळेपणानं सांग. ‘साफसफाई’ म्हणू नकोस.

पत्र पुन्हा वाचलं. रात्री दीडला कमिट, हे मी वर टोचून लिहिलंय. पण दीड वाजता तू जागा का होतास, हे विचारायला हवं होतं. दिवसभर नोकरी, आणि मग हे, ज्याचा एक पैसा मिळत नाही आणि जे येतं ते गाऱ्हाणंच. ‘चांगलं चाललंय’ असं लिहायला कुणी इश्यू उघडत नाही. त्या दिवशी तू त्या मुलावर नाही, त्याच्या आधीच्या पन्नास जणांवर चिडला होतास, हे मला कळतं. तुझ्या बाबाचंही तसंच आहे. ऑफिसातला राग घरी येऊन टेबलफॅनवर काढायचा.

जमत नसेल तर सोड, चिकू. वर पाटी लाव, की सांभाळायला माणूस हवा आहे. त्यात काही कमीपणा नाही. आणि सोडवत नसेल, तर मला दे थोडं. खरंच सांगते. चाचण्या लिहीन, आलेले इश्यू वाचीन, यूआरएलचं एवढं तरी मला कळतं. इंग्रजी तू तपास, आता मला त्याची लाज वाटत नाही.

त्याला लिहिलंस की कळव. नाही लिहिलंस तरी फोन कर, उशीर झाला म्हणून थांबू नकोस, मीही जागीच असते. तुझी पाठ धरलीय असं वहिनी म्हणत होती. ती स्वयंपाकघरातली खुर्ची टाक आणि चांगली घे. पैसे मी पाठवते, दादाला बोलू नकोस.

तुझी,
आत्या