हात गार पडतात, बोटं आखडतात : बसून लिहिणाऱ्यांसाठी हिवाळ्याचा पाठ

 

या आठवड्याचा पाठ घरात सगळ्यांनी एकत्र बसून वाचावा, ही विनंती. विषय अगदी रोजचा आहे. मार्गशीर्ष-पौषात आपल्या बिदर भागात गारठा चांगलाच जाणवतो. कलबुर्गी सुमारे १,५०० फुटांवर, तर बिदर २,२०० फुटांहून उंच पठारावर. त्यामुळे डिसेंबर-जानेवारीत काही दिवस इथे पारा १० अंशांच्याही खाली उतरतो. मग पहाटे नामाची वही लिहिणाऱ्या मावशींची बोटं वळत नाहीत. दहावीची लेकरं अभ्यासाला बसतात आणि पेन हातातून सुटतं. बँकेत, तहसील कचेरीत, शाळेत टेबलावर बसणाऱ्यांचे आणि प्रवचनं टाइप करणाऱ्या सेवेकऱ्यांचे हात बर्फासारखे होतात. "चालायचंच, थंडी आहे" म्हणून आपण ते सोडून देतो. पण यात समजून घेण्यासारखं बरंच आहे.

*हात का गारठतात?*

नळाला पाणी कमी आलं की आपण आधी पिण्याचं आणि स्वयंपाकाचं भरून घेतो. अंगणात शिंपडायचं मागे ठेवतो. शरीरही असंच करतं. हृदय, मेंदू, पोट हे आतले अवयव सुमारे ३७ अंशांवर राहायला हवेत. थंडी वाजली की शरीर हातापायांच्या कातडीतल्या रक्तवाहिन्या आकसून घेतं आणि ऊब आत राखतं. बोटांचा नंबर सगळ्यांत शेवटी लागतो. त्यात आपण एका जागी बसलेलो, म्हणजे शरीरात नवी ऊब तयार होणंही कमी.

दुसरी गोष्ट, बोटं वळवणारे मोठे स्नायू बोटांत नसतात. ते कोपरापासून मनगटापर्यंतच्या भागात असतात आणि तिथून त्यांच्या दोऱ्या बोटांपर्यंत येतात. शिवाय थंडीत तूप थिजतं तसं सांध्यांतलं वंगणही दाट होतं. म्हणून बोटं आखडतात.

यातून एकच गोष्ट लक्षात ठेवायची : *हात गरम करायचे तर सुरुवात हातांपासून करू नका.* आधी अंग, मग कोपर-मनगट, आणि शेवटी बोटं.

*बसण्याआधी*

१) स्वेटर, कानटोपी, पायमोजे घालूनच बसा. पाय उघडे आणि फरशी गार असेल तर हात गरम होणार नाहीत. पायाखाली सतरंजी किंवा जुनी वाकळ टाका.

२) घरातच पाच मिनिटं भराभर चाला, दोन्ही हात खांद्यापासून गोल फिरवा.

३) आपण बायका गार पाण्यात भांडी घासून, कपडे धुऊन लगेच वही किंवा मोबाइल घेऊन बसतो. तसं नको. हात पूर्ण कोरडे करा, थोडं तेल चोळा. ओला हात फार लवकर गार होतो. जमेल तर भांड्यांना कोमट पाणी घ्या.

४) सकाळी उठल्यावर करदर्शन घेतो, तेव्हाच तळहात एकमेकांवर चोळा. मग मनगटापासून कोपरापर्यंत चोळत जा.

*बसल्यावर*

१) काचेचं किंवा लोखंडी टेबल हातातली ऊब ओढून घेतं. वर जाड कापड अंथरा. लॅपटॉपवर मनगट टेकतं तिथेही रुमाल ठेवा.

२) डासांसाठी पंखा लावायची आपल्याला सवय असते. त्याऐवजी खिडकीला जाळी लावा किंवा मच्छरदाणी वापरा, पण वाऱ्याखाली बसू नका.

३) जुन्या लोकरी पायमोज्याचे हातमोजे करा. पुढचं टोक कापायचं, टाचेपाशी अंगठ्यापुरतं भोक करायचं. मनगट आणि तळहात झाकला जातो, बोटं लिहायला मोकळी राहतात. खर्च काही नाही.

४) पेन घट्ट आवळून धरू नका. बारीक पेनाला कापडाची पट्टी गुंडाळून जाड करा, पकड सैल राहते.

५) दर अर्ध्या तासाला उठा. मूठ मिटा-उघडा, दहा वेळा. अंगठ्याने एकेका बोटाचं टोक शिवा. जप करताना करमाळेवर बोट फिरवतो, अगदी तसंच.

६) तांदळाची किंवा वाळूची पुरचुंडी तव्यावर गरम करून मनगटाला शेक द्या. आधी गालाला लावून पाहा.

७) आल्या-जिऱ्याचा गरम कषाय घ्या, आणि प्यायच्या आधी पेला दोन्ही हातांत धरून बसा.

*हे मात्र करू नका*

कोळशाची शेगडी पेटवून दार-खिडक्या बंद करून बसू किंवा झोपू नका. जळत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड हा वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. बंद खोलीत तो झोपेतच जीव घेतो. शेकोटी अंगणातच बरी.

गारठलेला हात एकदम कढत पाण्यात घालू नका. ज्यांना साखरेचा त्रास आहे त्यांच्या हाताला चटका उशिरा कळतो आणि फोड येतो. पाणी किती गरम आहे ते घरातल्या दुसऱ्या माणसाने बघावं.

बिडी, सिगारेट, तंबाखू, गुटखा यांनी ऊब येते हा गैरसमज आहे. तंबाखूने रक्तवाहिन्या उलट आकसतात.

*नमस्कार करून पाहा*

आता महत्त्वाचा भाग. सगळेच गार हात थंडीमुळे नसतात.

नमस्काराला हात जोडा. दोन्ही तळवे आणि बोटं पूर्ण टेकतात का? बरीच वर्षं मधुमेह असलेल्या काहींची बोटं आखडतात आणि तळवे जोडले तरी मध्ये फट राहते. डॉक्टरही हात असेच जोडायला लावून हे तपासतात. फट दिसली तर साखर तपासून घ्या.

आणखी काही खुणा :

• बोटं आधी पांढरी, मग निळसर, मग लाल होतात : याला रेनॉड म्हणतात. मॉरिस रेनॉड या फ्रेंच डॉक्टरांनी १८६२ मध्ये हे लिहून ठेवलं. सावळ्या रंगात पांढरेपणा पटकन दिसत नाही, म्हणून नखं आणि बोटांची टोकं पाहावीत.

• सकाळी अर्धा-पाऊण तास किंवा जास्त वेळ बोटं मोकळी होत नाहीत, सांधे सुजतात : हा आमवात असू शकतो. उपचार लवकर सुरू झाले तर बोटं वाकडी होणं टळू शकतं.

• रात्री अंगठा आणि शेजारची दोन बोटं बधिर होतात, हात झटकला की बरं वाटतं : मनगटात नस दबते आहे.

• हात गार, शिवाय थकवा, धाप, चेहरा फिका : रक्त कमी असेल. वजन वाढणं, बद्धकोष्ठ, कोरडी कातडी : थायरॉइड तपासा.

• रक्तदाबाच्या काही गोळ्यांनीही हात गार पडतात. डॉक्टरांना सांगा, पण गोळी आपल्या मनाने बंद करू नका.

• अचानक एकच हात लुळा पडला, तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं तर शेकत बसू नका. लगेच १०८ ला फोन करा.

तपासणीसाठी बिदरला ब्रिम्स, कलबुर्गीला जिम्स ही सरकारी रुग्णालयं आहेत. जवळच्या आरोग्य केंद्रातही सुरुवात करता येते.

रक्त वाढावं म्हणून भाकरीबरोबर डाळ, पालेभाजी आणि वर लिंबू घ्या. जेवल्या-जेवल्या चहा नको, त्याने अन्नातलं लोह अंगी लागत नाही.

*मनन*

आपल्यातल्या काही ज्येष्ठ मंडळींना वाटतं, हात दुखला तरी वही पूर्ण करणं हीच खरी सेवा. त्यांची निष्ठा मोठी आहे, पण दुखणं लपवणं म्हणजे तप नव्हे. बाराव्या शतकात आपल्याच बसवकल्याणात बसवण्णांनी हाताच्या कष्टाला, कायकाला, पूजेचं मोल दिलं. ज्या हातांनी पूजा करायची ते हात जपणं पूजेतच येतं. पहाटे बोटं वळत नसतील तर तेवढा वेळ मुखाने नाम घ्या आणि ऊन आल्यावर ओट्यावर बसून लिहा. नाम तेच राहतं.

*या आठवड्याचा अभ्यास*

१) रोज संध्याकाळच्या आरतीनंतर घरातल्या सर्वांनी हात जोडून एकमेकांचे तळवे पाहावेत.
२) आजी-आजोबांचे हात आपल्या हातात घेऊन विचारावं : गार आहेत का, बधिर आहेत का, कधीपासून?
३) मुलांनी जुन्या पायमोज्यांची एक जोडी हातमोजे करून घरातल्या मोठ्यांना द्यावी.

दुसऱ्या अभ्यासाला सगळ्यांत जास्त वेळ द्या. सासूबाई, आई आपणहून दुखणं सांगत नाहीत. विचारलं तरच सांगतात.

सर्वांचे हात उबदार राहोत आणि सेवेत राहोत, हीच गुरुचरणी प्रार्थना.

आपली,
एक सेवेकरी भगिनी, बिदर 🙏