गिऱ्हाइकाची नोंदवही आणि हातातला मोबाईल



ऊस लावला की आपण त्याची कारखान्याकडे नोंद करतो. लागणीची तारीख, जात, क्षेत्र, गट नंबर सारे लिहिले जाते. त्या नोंदीवरच तोडणीचा कार्यक्रम ठरतो. ऊस घेणारा कोण, साखरेला गिऱ्हाईक कोठे शोधायचे, ही काळजी आपल्याला एकेकट्याने करावी लागली नाही. ते काम संस्थेने केले. पण त्याच रानातली हळद, सरीवरचा भुईमूग, हरभरा किंवा घरच्या म्हशीचे तूप विकायला निघालो, की आपण एकटे पडतो. तिथे समोरचा सांगेल तो भाव.

अलीकडे घरातली पोरे म्हणतात, "आबा, मोबाईलवर टाकू, घरबसल्या विकंल." त्यांचे म्हणणे खोटे नाही, पण अर्धेच खरे आहे. मोबाईल गिऱ्हाइकाला दारापर्यंत आणतो. ते गिऱ्हाईक पुढच्या वर्षी परत यायचे तर त्याची नोंद आपल्या हातात पाहिजे. या लेखात तेवढाच धडा घ्यायचा आहे.

साधने कोणती?

व्हॉट्सॲप २००९ साली निघाले. २०१६ च्या सप्टेंबरात जिओ सुरू झाले आणि इंटरनेट स्वस्त होऊन वस्तीवस्तीवर पोचले. त्याच वर्षी यूपीआय आले. पानपट्टीपासून भाजीच्या पाटीपर्यंत पैसे मोबाईलवर जमा होऊ लागले. २०१८ च्या जानेवारीत छोट्या धंद्यासाठी व्हॉट्सॲप बिझनेस हे वेगळे ॲप आले. त्यात मालाचे फोटो व दर मांडता येतात आणि नेहमीच्या प्रश्नांची उत्तरे आधीच लिहून ठेवता येतात. फेसबुक, इन्स्टाग्राम, यूट्यूब यांवर चित्रफीत टाकता येते. गूगलच्या नकाशावर आपले ठिकाण फुकट नोंदवता येते. एवढी साधने पुष्कळ झाली.

दुसऱ्याच्या बांधावरचे झाड

ही साधने फुकट असली तरी जागा कंपनीची आहे, हे ध्यानात ठेवावे. २९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने टिकटॉकसह ५९ ॲपवर बंदी घातली. आपल्याकडच्या कितीतरी खेड्यांतल्या पोरापोरींनी त्यावर मोठा चाहतावर्ग जमवला होता. बंदीनंतर ज्यांच्याकडे त्या लोकांचा नंबर किंवा पत्ता नव्हता, त्यांना पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली.

दुसरे उदाहरण ४ ऑक्टोबर २०२१ चे. त्या दिवशी फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप जगभर सुमारे सहा तास बंद पडले. आपल्याकडे तेव्हा रात्र होती म्हणून फारसे जाणवले नाही. ऐन दिवाळीच्या आधी भर दिवसा असे झाले, तर ज्याची सारी गिऱ्हाइके तेवढ्या एका ठिकाणी आहेत त्याने काय करावे?

शिवाय आपण टाकलेली चित्रफीत किती जणांना दाखवायची हे कंपनी ठरवते, आपण नव्हे. दुसऱ्याच्या बांधावर लावलेल्या झाडाची फळे मिळतील तोवर घ्यावीत, पण आपलेही झाड आपल्या रानात असावे. ते झाड म्हणजे गिऱ्हाइकाची नोंदवही.

गिऱ्हाईक लागते तरी किती?

मोबाईलवर लाखो लोक बघतात म्हणून आपण हुरळून जातो. जरा हिशेब करू. समजा, आपल्याकडे ५०० किलो हळदपूड आहे आणि एक घर वर्षाला २ किलो घेते. म्हणजे लागणारी घरे २५०. लाख नकोत, हजारही नकोत. अडीचशे घरे दरवर्षी हमखास घेणारी असली की सारा माल संपला. व्हॉट्सॲपवर एकाच वेळी अनेकांना निरोप पाठवायच्या एका यादीत २५६ नंबर बसतात. आपल्या कामाला ती एक यादी पुरते.

मात्र एक खोच आहे. हा निरोप फक्त त्यांनाच पोचतो, ज्यांनी आपला नंबर स्वतःच्या मोबाईलमध्ये साठवून ठेवलेला असतो. म्हणून पहिला माल देतानाच सांगावे, "ताई, आमचा नंबर नावानिशी सेव्ह करून ठेवा, पुढच्या वर्षी नवी हळद निघाली की कळवतो." पुडीवरही नंबर ठळक छापावा. एवढे एक वाक्य बोलायला पैसे पडत नाहीत, पण तेच बहुतेक ठिकाणी राहून जाते.

नोंदवही कशी ठेवावी?

साधी दोनशे पानी वही चालेल. मुलांना संगणक येत असेल तर त्यावरही करावी, पण कागदावरची प्रत ठेवावीच. मोबाईल हरवतो, फुटतो, विहिरीत पडतो. वहीत सहा रकाने आखावेत:

१. गिऱ्हाइकाचे नाव व मोबाईल नंबर.
२. गाव, शहर आणि पत्ता.
३. कोणाच्या ओळखीने आले.
४. काय घेतले, किती, कोणत्या तारखेला.
५. पैसे आले का, बाकी किती.
६. तक्रार अगर मागणी. उदाहरणार्थ, "पूड जाड वाटली", "पुढच्या वेळी अर्ध्या किलोच्या पुड्या".

तिसरा आणि सहावा रकाना सर्वांत महत्त्वाचा. तिसऱ्यावरून कळते की गिऱ्हाईक नक्की कोठून येते, चित्रफितीतून की पुण्यात नोकरीला असलेल्या पुतण्याच्या ओळखीतून. जेथून येते तेथेच कष्ट घालावेत. सहाव्या रकान्यावरून पुढच्या वर्षीचा माल सुधारतो.

निरोप किती आणि कसा?

रोज सकाळी फुलांची चित्रे आणि सुविचार पाठवणाऱ्याचा नंबर लोक बंद करतात. वर्षाला पाच-सहा निरोप पुरेत, पण प्रत्येकात काही सांगण्यासारखे असावे: हळद काढली, शिजवली, वाळत घातली, दळली, दर अमुक, पोच अमुक तारखेला. फोटो आपल्याच रानातला असावा. दुसऱ्याच्या मालाचा फोटो लावून आपला माल देऊ नये. एकदा विश्वास गेला की वहीतले नाव कामाचे राहत नाही.

कायद्याच्या चार गोष्टी

हळकुंडे दळून किंवा तूप कढवून विकले की तो अन्नपदार्थाचा धंदा होतो. त्यासाठी अन्न सुरक्षा प्राधिकरणाकडे नोंदणी करावी. मिळालेला चौदा आकडी नंबर पुडीवर छापावा. निव्वळ वजन, किंमत, पॅक केल्याची तारीख आणि आपले नाव-पत्ता हेही हवे. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे. अशी नावे दुसऱ्या भागातल्या मालावर घालू नयेत. आणि गिऱ्हाइकाचे नंबर कोणालाही देऊ अगर विकू नयेत. त्याबद्दल २०२३ साली कायदाही झाला आहे, पण कायद्याआधी ती सचोटीची गोष्ट आहे.

फसवणुकीपासून सावध

हा भाग घरातल्या सर्वांना वाचून दाखवावा. अनोळखी माणूस फोन करतो, मोठी ऑर्डर देतो, आपण फौजेत आहोत असेही सांगतो. माल न बघताच म्हणतो, "पैसे पाठवतो, हा क्यूआर स्कॅन करा आणि पिन टाका." पिन टाकला की पैसे आपल्याच खात्यातून जातात. नियम एकच: पैसे घेताना पिन कधीच लागत नाही. पिन लागतो तो पैसे देतानाच. पैसे आल्याचा संदेश दाखवला तरी बँकेचे खाते बघितल्याशिवाय माल हलवू नये. फसवणूक झालीच तर लाज न धरता लगेच १९३० या नंबरवर कळवावे आणि बँकेलाही सांगावे. जितका उशीर, तितकी पैसे अडवण्याची आशा कमी.

या महिन्याचा अभ्यास

हंगामाच्या धामधुमीत फार काही करा असे म्हणणे नाही. एका रविवारी घरातल्या मुलामुलींना घेऊन बसावे. गेल्या दोन वर्षांत ज्यांनी आपल्याकडून काही ना काही नेले, त्या सर्वांची नावे आठवून वहीत उतरावीत. पन्नास निघतील, कदाचित शंभर. त्या प्रत्येकाला एक फोन करून विचारावे, "माल कसा होता? यंदा पुन्हा लागेल का?" चित्रफीत आणि जाहिरात त्यानंतर.

नोंदीशिवाय कारखाना ऊस तोडत नाही. आपणही गिऱ्हाइकाची नोंद केल्याशिवाय माल देऊ नये.