लॉर्ड्स सभागृह : जन्म, नेमणूक की मतदान?

ब्रिटनच्या लॉर्ड्स सभागृहात शतकानुशतके बाप गेला की थोरला मुलगा बसे. मतदारांना कोणी विचारीत नसे. १९०९ साली या सभागृहाने लॉइड जॉर्ज यांचे अंदाजपत्रक फेटाळले. परिणामी १९११ च्या कायद्याने त्याचा अर्थविधेयके रोखून धरण्याचा अधिकार गेला. वंशाऐवजी लोकांच्या आधारावर दुसरे सभागृह उभारण्याचा हेतू त्याच कायद्याच्या प्रास्ताविकेत नमूद आहे. विद्यार्थी मित्रांनी ती प्रास्ताविका अवश्य वाचावी!

१९५८ च्या कायद्याने तहहयात नेमणुकांचा मार्ग रुंद केला. १९९९ साली वंशपरंपरागत सभासद ९२ वर आणले गेले. सुधारणा झाली खरी. परंतु जन्माची जागा नेमणुकीने घेतली, मताने नव्हे, हे आम्हांस खटकते. २०१२ च्या विधेयकाने ८० टक्के सभासद निवडून येणार होते. कॉमन्समध्ये दुसरे वाचन मोठ्या बहुमताने मंजूर झाले, पण सत्ताधारी हुजूर पक्षाच्याच ९१ खासदारांनी विरोधात मत दिले आणि ऑगस्टमध्ये सरकारने विधेयक सोडून दिले.