कपाट भिंतीला जखडून घ्या

प्रश्न : घर जुनं, मातीच्या भिंतींचं. चार वर्षांचा नातू लोखंडी कपाटाच्या खालच्या कप्प्यावर पाय देऊन चढतो. कपाट पडेल का?
– एक आजी, नांदुरा

उत्तर : आजी, हो, पडू शकतं. दार उघडून मूल लटकलं की भार पुढच्या पायांच्या पुढे जातो. त्यात आपली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. त्यामुळे फरशी पुढे उतरली असेल तर धोका वाढतो. आधी पुढच्या पायांखाली लाकडी पाचर बसवा, कपाट किंचित मागे रेललं पाहिजे. वरच्या बॅगा, जड डबे आजच खाली घ्या.

खरा प्रश्न भिंतीचा. पक्क्या विटेत रावळप्लग, स्क्रू आणि एल-पट्टी पुरते. भोक मात्र विटेतच हवं, नुसत्या गिलाव्यात नको. मातीच्या भिंतीत प्लग धरतच नाही. तिथे कपाट धाब्याच्या लाकडी खांबाला पट्टीने बांधा, नाहीतर आरपार बोल्ट घालून पलीकडून लोखंडी पत्ती लावा.

कपाट अंगावर पडून मुलांचे जीव गेल्यावर 2016 मध्ये आयकिया या फर्निचर कंपनीने अमेरिकेत सुमारे 2 कोटी 90 लाख ड्रॉवरची कपाटं परत मागवली होती. म्हणून हे काम करायला सुतार येईपर्यंत कपाटाला कुलूप लावा.