त्वचेचे वय

माझ्या तपासणीच्या खोलीत रोज दोन त्वचा शेजारी दिसतात: नातवाची आणि आजीची. वयानुसार कोलॅजेन घटून त्वचा पातळ व कोरडी होते, हे अटळ आहे. परंतु सुरकुत्या आणि डाग यांचे मोठे कारण ऊन. धूम्रपान त्यात भर घालते. माळव्याच्या उन्हात वर्षानुवर्षे स्कूटर चालवून माझ्या मनगटांवर डाग पडले; बाहीखालचे दंड मात्र नितळ आहेत. वय दोहोंचे एकच! ऑस्ट्रेलियातील २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, साडेचार वर्षे रोज सनस्क्रीन लावणाऱ्या प्रौढांमध्ये त्वचेचे वार्धक्य इतरांहून २४ टक्के कमी आढळले. गोरेपणासाठी स्टेरॉइडयुक्त मलम कदापि लावू नये. त्याने त्वचा पातळ होते. भर दुपारचे ऊन टाळणे, टोपी, छत्री, सनस्क्रीन, ही सवय आजीने आजच लावून घ्यावी आणि नातवासही लावावी.