दोन पारव्यांचे अर्पण
(आगमनकाळातील पाठ. वाचन : लेवीय १२:६-८, लूक २:२२-२४, लूक १४:२८-३०)



नाताळ जवळ आला की घरोघरी खरेदीची यादी सुरू होते. मुलांचे कपडे, फराळाचे सामान, गव्हाणीवरचा तारा. शिवाय धर्मपुत्राला काय द्यायचे, भाचीला काय, नव्या जावयाला काय, हे प्रश्न असतातच. भेट देणे ही चांगली गोष्ट आहे. देवाने आपला पुत्र आपल्याला दिला, त्याचाच तर हा सण! परंतु भेट केवढी असावी आणि तिचे पैसे कोठून यावेत, याचा विचार आगमनकाळातच झाला पाहिजे. जानेवारीत हप्ता भरताना तो करून उपयोग नसतो.

१. पवित्र कुटुंबाने काय अर्पण केले?

नियमशास्त्राप्रमाणे बाळंतपणानंतर शुद्धीकरणाचे दिवस पूर्ण झाल्यावर मातेने एक वर्षाचे कोकरू आणि एक पारवा किंवा होला मंदिरात न्यायचा असे. ज्या घराला कोकरू परवडत नसे, त्या घराने दोन होले किंवा दोन पारवे आणले तरी चालत. संत लूक मरिया व योसेफ यांच्याविषयी लिहिताना कोकराचा उल्लेखच करीत नाही, फक्त पक्ष्यांचा करतो. म्हणजे जगाच्या तारणाऱ्याच्या आईवडिलांनी गरिबांसाठी ठरवलेले अर्पण नेले.

मंदिरात ज्याने ते पक्षी पाहिले, त्याला या कुटुंबाची ऐपत कळली असेल. ती झाकण्यासाठी त्यांनी काही केले, असे शुभवर्तमान सांगत नाही. ज्ञानी लोकांनी आणलेले सोने आपल्या नाताळच्या चित्रांत असते. हे दोन पक्षी मात्र आपण विसरतो.

२. औदार्य कशाने मोजावे?

ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटल याने औदार्याला उधळेपणा व कंजूषपणा यांच्या मधले स्थान दिले. देणाऱ्याने किती दिले यापेक्षा त्याच्याजवळ किती होते, हे तो पाहतो; म्हणून कमी देणारा माणूस अधिक उदार असू शकतो. प्रभू येशूनेही मंदिरात दोन नाणी टाकणाऱ्या विधवेकडे पाहून तोच हिशोब केला (लूक २१:१-४).

संत थॉमस अक्वायनस आणखी एक पाऊल पुढे जातात. परतफेडीची अपेक्षा न ठेवता दिलेली तीच खरी भेट, आणि आपण सर्वांत आधी देतो ते प्रेम, असे ते शिकवतात. मग त्यांनी एवढ्याचे दिले म्हणून आपणही एवढ्याचे द्यायचे, हे काय झाले? ती भेट नव्हे, ती उसनवारी फेडणे झाले. आणि लोक काय म्हणतील या भीतीने दिलेली वस्तू ही आपण आपल्याच नावासाठी केलेली खरेदी होय.

३. आपल्या गावचा हिशोब

आपल्या सोलापुरात विड्या वळणाऱ्या मायभगिनींची मजुरी हजार विड्यांवर ठरते. यंत्रमागावरचा कामगार रोज किती तास उभा असतो, हे आपण जाणतो. म्हणून दुकानात वस्तू हातात घेतल्यावर किमतीबरोबर एवढेही मनात आणावे : ही वस्तू घरातल्या कोणाच्या किती दिवसांच्या कष्टाची आहे? हिशोब पटला तर आनंदाने घ्यावी. पटला नाही तर खाली ठेवावी. त्यात कमीपणा नाही.

बिनव्याजी हप्त्याच्या पाटीला भुलू नये. शून्य टक्के व्याज अशी काही गोष्टच नसते, असे रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्ये बँकांना बजावले होते. असे व्याज बरेचदा प्रक्रिया शुल्काच्या नावाखाली घेतले जाते. कधी रोखीने घेणाऱ्याला मिळणारी सूट आपल्याला मिळत नाही. बचत गटाचे कर्ज शिलाई मशीनसाठी घ्यावे, शाळेच्या फीसाठी घ्यावे, खेळण्यासाठी नको.

४. या आठवड्यात घरी काय करावे?

बुरूज बांधणारा आधी बसून खर्चाचा अंदाज घेतो, असे प्रभू सांगतो. त्याप्रमाणे रविवारच्या मिस्सानंतर सर्वांनी एकत्र बसावे. मोठ्या मुलांनाही बसवावे.

• हातात असलेली रक्कम कागदावर लिहावी. मिळेल अशी आशा असलेला पैसा त्यात धरू नये.
• प्रथम गरिबाचा वाटा काढावा. शेवटी उरेल ते देऊ म्हटले की काही उरत नाही.
• मग घरभाडे, शाळा व औषधपाणी यांचे पैसे बाजूला काढावेत. उरलेल्यातून फराळ, कपडे व भेटी.
• प्रत्येकाच्या नावापुढे एकच वस्तू लिहावी, तीही त्याला खरोखर लागणारी. यादी घेऊनच बाजारात जावे. मोबाईलवर पाहिलेली वस्तू दोन रात्री थांबून मगच मागवावी.
• आपल्या गावची चादर किंवा टॉवेल वर्षानुवर्षे टिकतो आणि त्याचा पैसा येथल्याच मागावर जातो. सोलापुरी नावाखाली बाहेरचा मालही विकला जातो, तेव्हा विचारून घ्यावे.
• पैसे नसतील तर वेळ द्यावा. आजारी शेजाऱ्याला दवाखान्यात नेणे, दहावीच्या मुलाला गणित शिकवणे, एकट्या आजीबरोबर फराळ करणे, या भेटी कोणत्याही दुकानात मिळत नाहीत.

मुलांना खरे सांगावे. "यंदा एवढेच जमते" हे वाक्य आईवडिलांनी न लाजता उच्चारले, तर मूल तेही शिकते. खोटी ऐपत दाखवली, तर मूल ती शिकते.

५. कुटुंबात चर्चेसाठी

अ) मागच्या नाताळातील कोणती भेट आजही वापरात आहे? का?
आ) आपण कोणाला प्रेमाने देतो आणि कोणाला भीतीने?
इ) यंदा आपले "दोन पारवे" कोणते?

बंधुभगिनींनो, जे आपल्याजवळ आहे तेच घेऊन गव्हाणीपाशी या. त्या बाळाच्या आईवडिलांनीही तेच केले होते.

प्रभू तुमच्या घरांना आशीर्वाद देवो.

आपला,
धर्मगुरू