बाळाची स्वारी विमानातून

पुष्पक विमानाची कथा कोणास ठाऊक नाही? लंकेहून अयोध्येस परतताना रामचंद्र, सीता, लक्ष्मण आणि सारे वानरवीर त्या विमानात बसले. कितीही माणसे आत आली, तरी आणखी एकासाठी जागा शिल्लकच राही, अशी त्याची ख्याती! त्यामुळे त्या प्रवासाची तयारी कोणाला करावी लागली, असे ऐकिवात नाही. आपल्या काळातील विमान मात्र तसे नाही. त्यातील आसने मोजलेली असतात, सामान तोललेले असते आणि वेळ मिनिटांनी बांधलेली असते. अशा विमानातून लहान मूल न्यावयाचे म्हणजे पुष्कळ आधीपासून विचार करावा लागतो. मोठ्या माणसाला तहान लागली तर तो पाणी मागतो. कान दुखला तर तसे सांगतो. तान्ह्या बाळाजवळ मात्र एकच भाषा असते, ती म्हणजे रडणे. बाळाला जे सांगता येत नाही, ते आपण आधीच ओळखून ठेवणे, हीच त्याच्या प्रवासाची खरी तयारी होय.

विमाने प्रथम आकाशात फिरू लागली, तेव्हा त्यांतून बाळे नेण्याचा विचारही कोणी करीत नसे. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईच्या जुहू येथे विमान आणले, तेव्हा एका इंजिनाच्या त्या चिमुकल्या विमानात टपाल होते. त्या काळी प्रवासी नेणारी विमानेही फार उंच जात नसत. वादळवाऱ्यात ती हेलकावे खात आणि प्रवाशांना मळमळे. अमेरिकेत १९३० साली एलेन चर्च ही पहिली हवाई सेविका कामावर रुजू झाली, ती मूळची परिचारिका होती, हे या दृष्टीने लक्षात ठेवण्यासारखे आहे. पुढे १९४० साली, आत हवेचा दाब राखणारे बंदिस्त विमान प्रवाशांच्या सेवेत आले आणि वादळांच्या वरून उडणे शक्य झाले. आज आईच्या मांडीवर झोपी गेलेली बाळेही सुखाने आकाशातून जातात, त्यामागे ही सारी वाटचाल आहे.

आता एक उदाहरण घेऊ. साताऱ्याचे एक कुटुंब पुण्याहून विमानाने दिल्लीस जावयास निघाले आहे. आईवडील, सातवीत शिकणारी ताई, चार वर्षांचा भाऊ आणि दहा महिन्यांचे बाळ, अशी ही पाच माणसे आहेत. पुण्याहून दिल्लीस विमान सुमारे दोन तासांत पोहोचते. पण या दोन तासांची तयारी कित्येक दिवस आधी सुरू होते.

पहिली तयारी कागदपत्रांची. दोन वर्षांखालील मुलाला विमानात वेगळे आसन घ्यावे लागत नाही. ते मोठ्या माणसाच्या मांडीवर बसते. मात्र एका मोठ्या माणसाला असे एकच मूल मांडीवर घेता येते. बाळ दोन वर्षांच्या आतील आहे, हे दाखविण्यासाठी त्याचा जन्मदाखला बरोबर ठेवावा लागतो. जाताना बाळ दोन वर्षांच्या आत असेल आणि परतीच्या दिवसापूर्वी त्याला दोन वर्षे पूर्ण होणार असतील, तर परतीसाठी त्याचे आसन राखावे लागते. परदेशी जावयाचे असल्यास तान्ह्या बाळालाही स्वतःचा पासपोर्ट लागतो. चार वर्षांच्या भावाला मात्र स्वतंत्र आसन हवे. अशी लहान मुले आईवडिलांपासून दूर बसविली जाऊ नयेत, म्हणून नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने २०२४ साली विमान कंपन्यांना आदेश दिला, की बारा वर्षांपर्यंतच्या मुलाला त्याच नोंदणीतील आई, वडील किंवा पालक यांपैकी निदान एकाच्या शेजारची जागा द्यावी. यासाठी सर्वांची तिकिटे एकत्र काढणे हिताचे ठरते.

दुसरी तयारी पिशवीची. मोठे सामान विमानाच्या पोटात जाते आणि मुक्कामी पोहोचेपर्यंत ते हाती लागत नाही. म्हणून वाटेत लागणाऱ्या वस्तू जवळच्या लहान पिशवीत असाव्या लागतात. लंगोट किंवा डायपर, दुपटे, झबल्यांचे दोन जोड, पुसण्यासाठी ओले रुमाल, मळलेले कपडे ठेवण्यासाठी एक कोरी पिशवी, बाळाचे दूध, मऊ भात किंवा नाचणीची पेज, थोरल्या भावासाठी केळे आणि राजगिऱ्याचा लाडू. विमानात गारवा असतो, म्हणून टोपडे आणि पायमोजेही हवेत. आईच्या अंगावर दूध सांडले, तर बदलण्यासाठी तिचाही एक कपडा त्यात असावा. पुष्कळदा नेमकी हीच गोष्ट विसरते. भावाचे आवडते खेळणे घ्यावे, पण ते वाजणारे नसावे, कारण शेजारच्या प्रवाशांनाही विश्रांती हवी असते.

काही वस्तू मात्र घरीच ठेवाव्या लागतात. निघताना आजी मायेने सुक्या खोबऱ्याच्या वाट्या बांधून देते. पण सुक्या खोबऱ्यात तेल फार असते; ते तापून आपोआप पेट घेण्याचा धोका असतो. म्हणून विमानात त्याला मज्जाव आहे. आजीला हे कारण नीट समजावून सांगावे, म्हणजे तिला वाईट वाटणार नाही. कात्री, सुरी यांसारखी धारदार हत्यारेही जवळच्या पिशवीत चालत नाहीत. परदेशी प्रवासात १०० मिलिलिटरहून मोठ्या बाटलीतील द्रव पदार्थ जवळ ठेवू देत नाहीत. मात्र बाळाला वाटेत लागेल इतके दूध आणि अन्न नेण्याची मुभा असते. तपासणीच्या वेळी ते आपण होऊन बाहेर काढून दाखवावे. तपासणी करणारे आपल्याच सुरक्षिततेसाठी झटत असतात. त्यांच्यावर रागावण्याचे कारण नाही.

तिसरी तयारी वेळेची. देशातल्या देशात जावयाचे असल्यास विमान सुटण्याच्या निदान दोन तास आधी विमानतळावर पोहोचावे. साताऱ्याहून पुण्यास येताना खंबाटकीच्या घाटात वाहने खोळंबली, तर विमान आपल्यासाठी थांबणार नाही. शिवाय बाळाला मध्येच भूक लागते, त्याचे कपडे बदलावे लागतात. ज्याच्या कडेवर मूल आहे, त्याने घड्याळाकडून थोडी उसनवारी आधीच करून ठेवावी, हे बरे.

मुलांनो, इथवरची तयारी यादी करून होते. यापुढची तयारी मात्र ज्ञानाची आहे. विमान उतरू लागले, की पुष्कळ बाळे एकाएकी रडू लागतात. आई घाबरते, शेजारचे लोक वळून पाहू लागतात. कोणी म्हणतो, बाळ हट्टी आहे. कोणी म्हणतो, त्याला दृष्ट लागली. खरे कारण निराळेच असते.

विमान १० ते १२ किलोमीटर उंचीवरून उडते. तेथील हवा इतकी विरळ असते, की तिच्यात माणूस तग धरू शकत नाही. म्हणून विमानाच्या आत हवा दाबून भरलेली असते. तरीही आतील दाब जमिनीवरच्या इतका नसतो; तो सुमारे २,४०० मीटर उंचीच्या डोंगरावर असतो तितका कमी होऊ शकतो. आपल्या महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर कळसूबाई १,६४६ मीटर उंच आहे. म्हणजे विमानातील बाळ थोड्याच वेळात कळसूबाईहून उंच डोंगर चढते आणि पुढे अर्ध्या तासात तो उतरते!

आपल्या कानाच्या पडद्यामागे एक लहानशी पोकळी असते. तेथून एक बारीक नळी घशापर्यंत गेलेली असते. बाहेरचा दाब वाढला, की या नळीतून हवा आत जावी लागते. ती गेली नाही, तर कानाचा पडदा आतल्या बाजूस ओढला जातो आणि कान ठणकतो. महाबळेश्वरी एखादी रिकामी प्लास्टिकची बाटली घट्ट बंद करून ती महाडला उतरेपर्यंत जवळ ठेवा. खाली आल्यावर ती चेपलेली दिसेल. कानाचेही तसेच होते. लहान मुलांची ही नळी मोठ्यांपेक्षा अरुंद आणि आडवी असते. म्हणून त्यांना हा त्रास अधिक होतो, आणि तोही चढताना होतो त्यापेक्षा उतरताना अधिक.

कारण कळले, की उपायही सुचतो. आपण घोट गिळतो, तेव्हा ती नळी क्षणभर उघडते. म्हणून विमान उतरू लागताच आईने बाळाला अंगावर पाजावे किंवा दुधाची बाटली द्यावी. घोटागणिक हवा आत जाते आणि बाळ शांत होते. झोपेत गिळणे कमी होते. म्हणून झोपलेल्या बाळाला उतरण्यापूर्वी हळूच जागे करणे चांगले. चार वर्षांच्या भावाने घोट घोट पाणी प्यावे किंवा मोठी जांभई द्यावी. त्याला कडक गोळी चघळावयास देऊ नये. ती घशात अडकण्याचे भय असते. कानात कापूस घातल्याने आवाज थोडा कमी होतो, पण दाबाचे काम कापसाने होत नाही. मुलाला सर्दी झाली असेल, तर ती नळी सुजलेली असते. अशा वेळी निघण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. बाळ वाटेत झोपावे म्हणून मनानेच एखादे औषध देणे तर सर्वस्वी चुकीचे होय.

ताईचे काम येथे महत्त्वाचे आहे. विमानातील कर्मचारी उतरण्याची सूचना देतात, तेव्हा आईला आठवण करून देणे, बाटली हाती देणे, भावाला गोष्ट सांगता सांगता पाणी पाजणे, ही कामे तीच करू शकते. बाळाचा पट्टाही तिने पाहून ठेवावा. एकाच पट्ट्यात आई आणि बाळ दोघांना बांधू नये, कारण विमानाला हिसका बसल्यास आईचा सारा भार बाळावर पडतो. बाळासाठी निराळा लहान पट्टा मिळतो आणि तो आईच्या पट्ट्यात अडकविता येतो.

आता सर्वांत अवघड गोष्ट. विमान सुटण्यापूर्वी कर्मचारी सांगतात, की आतील दाब एकाएकी कमी झाला, तर डोक्यावरून प्राणवायूचे मुखवटे खाली येतील. प्रथम स्वतःचा मुखवटा लावा, मग मुलाला लावा. हे ऐकून कित्येक आयांना वाईट वाटते. ‘बाळ गुदमरत असताना मी आधी माझा विचार करू?’ असे त्यांच्या मनात येते. आजवर भाकरीचा पहिला तुकडा मुलाला देणाऱ्या आईला ही सूचना कठोर वाटली, तर त्यात नवल ते काय?

परंतु थोडा विचार करा. इतक्या उंचीवर प्राणवायू न मिळाल्यास माणसाला भान राखून काम करता येते, ते जेमतेम अर्धा ते एक मिनिट. घाबरलेले बाळ हातपाय झाडते, मुखवटा दूर लोटते. तेवढ्या धडपडीत ते मोलाचे क्षण निघून गेले, तर आईची शुद्ध हरपेल. मग बाळाकडे पाहणार कोण? आईने काही क्षणांत आपला मुखवटा लावला, तर तिचे हात आणि तिची बुद्धी ही दोन्ही बाळासाठी शाबूत राहतात. येथे स्वतःला सावरणे हा स्वार्थ नव्हे. ते बाळासाठीच केलेले काम आहे. असे प्रसंग फार क्वचित येतात. पण आलेच, तर त्या क्षणी विचार करीत बसण्यास सवड नसते. म्हणून हा विचार घरी, शांतपणे, आधीच करून ठेवावयाचा असतो. पुष्कळ विमानांत तीन आसनांच्या रांगेसाठी चार मुखवटे असतात. त्यांतील जास्तीचा एक कोणासाठी, हे आता तुम्हांस सांगावयास नकोच.

माया प्रत्येक घरी असते. मात्र तिला माहितीची जोड मिळाली, तरच ती वेळेला उपयोगी पडते. पुढे कधी विमानात, आगगाडीत किंवा एस. टी. मध्ये शेजारचे मूल रडू लागले, तर कपाळाला आठ्या घालू नका. ते काय सांगत असेल, याचा विचार करा आणि त्याच्या आईची पिशवी क्षणभर आपल्या हाती घ्या.

स्वाध्याय

१. पुष्पक विमान आणि आजचे विमान यांत लेखकाने कोणता फरक दाखविला आहे?
२. विमान उतरताना लहान मुलांचे कान का दुखतात? बाटलीच्या उदाहरणाने स्पष्ट करा.
३. सुके खोबरे विमानात का नेऊ देत नाहीत? हे कारण आजीला समजावून सांगणारे संभाषण लिहा.
४. ‘येथे स्वतःला सावरणे हा स्वार्थ नव्हे’ या विधानाचा अर्थ आपल्या शब्दांत सांगा. असा दुसरा एखादा प्रसंग सुचतो का?
५. पुढील वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा : तग धरणे, मज्जाव असणे, शुद्ध हरपणे, कपाळाला आठ्या घालणे.
६. तुमच्या घरातील लहान भावंडाला घेऊन एस. टी. ने दूरच्या गावी जावयाचे आहे, अशी कल्पना करा. बरोबर घ्यावयाच्या वस्तूंची यादी करा आणि प्रत्येक वस्तू का घेतली, ते एका वाक्यात लिहा.